दुभंगलेले ओठ : एका सेवेचा इतिहास

अंजूर हे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात कोरले गेले ते गंगाजी नाईक अंजूरकर यांच्यामुळे. पोर्तुगीज राजवटीतील जाचाला कंटाळलेल्या या घराण्याने मराठ्यांना वसईच्या मोहिमेसाठी प्रवृत्त केले आणि १७३७ ते १७३९ या काळातील त्या मोहिमेत मोलाचे साहाय्य केले. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली वसईचा किल्ला सर झाला, त्याची नोंद बखरींनी केली, कागदपत्रांनी केली, लोककथांनीही केली. युद्धाचा इतिहास असा सहज जतन होतो. परंतु त्याच मुलखात, त्याच शतकांत, किती माता आपल्या नवजात बालकाचा दुभंगलेला ओठ पदराआड झाकून बसल्या, किती बालके दूध ओढता न आल्यामुळे पहिल्या महिन्यातच गेली, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ज्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही, अशा या बालकांचा आणि त्यांच्या ओठांना टाका घालणाऱ्या हातांचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्याधीचे स्वरूप

मातेच्या उदरात गर्भाचा चेहरा घडतो तो दोन्ही बाजूंनी पुढे येणारे भाग मध्यभागी एकमेकांस मिळाल्यामुळे. वरचा ओठ साधारणतः चौथ्या ते सातव्या आठवड्यात सांधला जातो. तोंडातील टाळू त्यानंतर, बाराव्या आठवड्यापर्यंत पूर्ण होते. येथे टाळू म्हणजे डोक्यावरील नव्हे, तर जिभेच्या वरचे तोंडाचे छत होय. काही कारणाने हे सांधणे अपुरे राहिले, तर बालक दुभंगलेला ओठ, दुभंगलेली टाळू किंवा दोन्ही घेऊन जन्मास येते. संस्कृतात अशा ओठास खंडौष्ठ म्हणतात. युरोपात त्यास सशाच्या ओठाची उपमा दिली गेली.

जगाचा विचार करता सुमारे ७०० जन्मांमागे एका बालकात हे व्यंग आढळते. भारतात दरवर्षी अशी सुमारे ३० हजार बालके जन्मतात, असा अंदाज सांगितला जातो. श्रीमंत-गरीब, शहर-खेडे, जात-धर्म असा भेद ही व्याधी जाणत नाही. भेद पडतो तो जन्मानंतर, उपचार मिळण्या-न मिळण्यात.

बाहेरून दिसतो तो केवळ ओठ. परंतु खरे क्लेश आत असतात. टाळू दुभंगलेली असल्यास बालकास दूध ओढण्यासाठी तोंडात आवश्यक तो दाब निर्माण करता येत नाही. घेतलेले दूध नाकावाटे बाहेर येते, श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, बालक थकते आणि भुकेलेच झोपी जाते. वजन वाढत नाही. जुन्या काळी घरोघरी असलेले बोंडले किंवा वाटी-चमचा हाच अशा बालकाचा आधार होता. आजही आईचे दूध काढून, बालकास उभट धरून, चमच्याने थोडे थोडे पाजावे असेच वैद्यक सांगते. टाळूच्या स्नायूंचा संबंध कानाच्या नळीशी असल्याने मध्यकर्णात द्रव साचतो, कान वारंवार फुटतात आणि ऐकू कमी येऊ लागते. जे नीट ऐकू येत नाही ते नीट बोलताही येत नाही. त्यात वारा नाकावाटे निसटत असल्याने शब्द अनुनासिक आणि अस्पष्ट उमटतात. दात वाकडे येतात, वरच्या जबड्याची वाढ खुंटते. काही बालकांत हृदयाचा दोषही सोबत असतो, म्हणून जन्मतःच संपूर्ण तपासणी आवश्यक ठरते.

ग्रहणाचा दोष आणि मातेचा अपराध

महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या असा समज आहे की, गर्भवतीने ग्रहणकाळात विळी किंवा सुरी हाती धरली, काही चिरले, तर बालकाचा ओठ चिरला जातो. म्हणूनच ग्रहण लागले की गर्भवतीस अंधाऱ्या खोलीत बसविले जाई. विशेष म्हणजे हा समज आपल्याकडेच आहे असे नाही. सात समुद्रांपलीकडे मेक्सिकोतील प्राचीन अॅझ्टेक लोकही असेच मानीत की, ग्रहणात चंद्राचा घास घेतला जातो आणि ते पाहणाऱ्या गर्भवतीच्या बालकाच्या तोंडाचाही घास घेतला जातो. एकमेकांस कधी न भेटलेल्या दोन समाजांनी एकच कल्पना करावी, यावरून मनुष्याला दुःखाचे कारण शोधण्याची किती निकड असते हे दिसते.

ग्रहणे वर्षातून मोजकीच होतात आणि त्यांतील सर्वच सर्वत्र दिसत नाहीत. ही बालके मात्र बाराही महिने, सर्व देशांत जन्मतात. वैद्यक सांगते ती कारणे निराळी आहेत. काही घराण्यांत हा दोष आनुवंशिक असतो. गर्भारपणातील धूम्रपान, अपस्मारावरील काही औषधे, मातेच्या आहारातील उणिवा यांचाही त्यात वाटा असतो. गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतल्याने धोका काही अंशी कमी होऊ शकतो. पुष्कळदा मात्र कोणतेही एक कारण दाखविता येत नाही. ग्रहणाच्या समजुतीने सर्वाधिक हानी केली ती मातेची. बालकाचे व्यंग हा तिचा अपराध ठरला. सासरी तिला बोल लागले, बालक लपविले गेले आणि जे लपविले जाते ते वैद्यापर्यंत पोहोचत नाही.

प्राचीन शस्त्रकर्म

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कानाची पाळी सांधण्याचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. त्याच अध्यायाच्या अखेरीस छिन्न नाक त्वचेने पुन्हा कसे घडवावे याचे वर्णन येते आणि ओठासाठीही तोच विधी, नळ्या न वापरता, करावा असे सांगितले आहे. हे विवेचन तुटलेल्या अवयवांविषयी आहे. तथापि चेहऱ्याची त्वचा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेऊन जिवंत ठेवता येते, हे ज्ञान या भूमीत होते, हे त्यावरून निःसंशय सिद्ध होते.

जन्मजात दुभंगलेला ओठ सांधल्याची फार जुनी कथा चीनच्या इतिहासात आढळते. चौथ्या शतकाच्या अखेरीस वेई यांग्झी नावाचा गरीब तरुण आपला ओठ बरा करून घेण्यासाठी दूरवर एका प्रांताधिपतीच्या पदरी असलेल्या वैद्याकडे गेला. वैद्याने बजावले की, शस्त्रक्रियेनंतर शंभर दिवस पेज पिऊन राहावे लागेल, बोलणे व हसणे वर्ज्य. अर्धे आयुष्य मौन पाळावे लागले तरी चालेल, मग शंभर दिवसांची काय कथा, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. ओठ बरा झाला आणि पुढे तो मोठ्या अधिकारपदी चढला. या कथेत एक गोष्ट सहज नजरेआड होते. त्या गरीब तरुणाचा खर्च प्रांताधिपतीने उचलला होता आणि त्याच्या राहण्याची सोयही केली होती. शस्त्र वैद्याचे होते, आश्रय दुसऱ्याचा होता.

महाराष्ट्राच्या भूमीवरही असाच एक प्रसंग घडला. १७९२ च्या टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शत्रूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ एका कारागिराने, जो विटा पाडणाऱ्यांच्या जातीचा होता, त्याचे नाक नव्याने घडविले. मेणाचा साचा कपाळावर ठेवून त्या मापाची त्वचा त्याने सोडविली, दोन डोळ्यांच्या मधोमध ती मूळ जागेशी जोडलेली ठेवून खाली वळविली आणि कात भिजवून कापडाच्या पट्ट्यांवर लावून ती चिकटविली. इंग्रज डॉक्टरांनी हे प्रत्यक्ष पाहिले. त्याचा वृत्तान्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने सराव केला आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये त्याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली. आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या ग्रंथांत पुण्याच्या त्या कारागिराचा उल्लेख आजही येतो. त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

टाळूचे कोडे

ओठ सांधणे त्या मानाने सोपे होते. सोळाव्या शतकात फ्रान्सचे आंब्रवाझ पारे हे सुई आरपार घालून तिच्याभोवती दोरा गुंडाळीत आणि ओठाच्या कडा जुळवीत. टाळूचे काम मात्र तोंडाच्या आत, रक्ताने भरलेल्या अरुंद जागेत आणि तेही भूल न देता करावयाचे! १८१९ मध्ये पॅरिस येथे फिलिबेर रू यांनी जॉन स्टीव्हनसन या कॅनडाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या टाळूवर शस्त्रक्रिया केली. रुग्ण शुद्धीवर असून त्याने ती वेदना सहन केली. त्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात स्वतःच्याच शस्त्रक्रियेचे वर्णन लिहिले आणि पुढे माँट्रियल येथे वैद्यकीय शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत तो गणला गेला.

१८४६ मध्ये ईथरची भूल आली आणि लहान बालकांवरील शस्त्रक्रिया शक्य कोटीत आल्या. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेचे राल्फ मिलार्ड यांनी कोरियात असताना ओठाचा एक भाग वळवून व दुसरा पुढे आणून सांधण्याची रीत बसविली. तिच्यामुळे ओठाचा नैसर्गिक आकार राखला जातो, म्हणून ती जगभर स्वीकारली गेली.

महाराष्ट्रही यात मागे राहिला नाही. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी दुभंगलेल्या ओठ-टाळूचे जे वर्गीकरण केले ते ‘नागपूर वर्गीकरण’ या नावाने ओळखले जाते. मुंबईत डॉ. चार्ल्स पिंटो यांच्या हाताखाली सर्जनांची एक पिढी तयार झाली. त्यांचे शिष्य डॉ. हिरजी आदनवाला, मुंबईचे पारशी गृहस्थ, तरुणपणीच केरळातील त्रिशूर येथील मिशनच्या रुग्णालयात गेले आणि त्यांनी आपले सारे आयुष्य तेथेच या बालकांना वाहिले. तेथील केंद्रास त्यांनी स्वतःचे नव्हे, तर आपल्या गुरूंचे नाव दिले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

पंढरपूरचा सुपुत्र

विद्या होती, सर्जन होते, रुग्णालये होती. तरीही खेड्यातील बालक शहरातील शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचत नव्हते. हे अंतर कापण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत डॉ. शरदकुमार दीक्षित यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९३० मध्ये पंढरपूर येथे जन्मलेले दीक्षित अमेरिकेत प्लास्टिक सर्जन झाले आणि न्यूयॉर्क येथे स्थायिक झाले. १९६८ पासून ते मायदेशी येऊन मोफत शस्त्रक्रियांची शिबिरे घेऊ लागले. ‘द इंडिया प्रोजेक्ट’ या नावाने चाललेल्या या कार्यात दुभंगलेले ओठ, खाली लोंबणाऱ्या पापण्या, चेहऱ्यावरील व्रण यांवर ते शस्त्रक्रिया करीत. त्यांच्या हातून झालेल्या मोफत शस्त्रक्रियांची संख्या ६० हजारांहून अधिक सांगितली जाते.

या संख्येहूनही थक्क करणारी आहे ती त्यांची शरीरावस्था. मोटार अपघाताने त्यांचे शरीर अंशतः लुळे पडले आणि त्यांना चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. कर्करोगामुळे स्वरयंत्र गमवावे लागले. गळ्याशी यंत्र धरून ते बोलत. हृदयविकाराचे झटकेही आले. अशा अवस्थेत ते दरवर्षी भारतात येत राहिले. ज्यांचा स्वतःचा आवाज हिरावला गेला होता, ते दुसऱ्यांच्या मुलांचे ओठ सांधीत होते. भारत सरकारने २००१ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. नोबेल शांतता पारितोषिकासाठीही त्यांचे नाव अनेकदा सुचविले गेले. १४ नोव्हेंबर २०११ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रातील जैन समाजाच्या दृष्टीने या इतिहासाचे एक पान विशेष महत्त्वाचे आहे. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने डॉ. दीक्षितांच्या शिबिरांची धुरा अनेक वर्षे वाहिली. सर्जन काही दिवसांसाठी येतो. परंतु तो येण्याआधी रुग्ण शोधणे, गावोगाव निरोप पोहोचविणे, भ्यालेल्या पालकांची समजूत घालणे, नावे नोंदविणे, तपासणी, निवास, भोजन, औषधे आणि घरी परत पाठवणी, ही सर्व कामे कार्यकर्त्यांची असतात. दीक्षितांच्या निधनानंतरही अमेरिकेतील सर्जनांच्या साहाय्याने संघटनेने ही शिबिरे चालू ठेवली. आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने जैन परंपरेने सांगितली आहेत. एका दुभंगलेल्या ओठाच्या निमित्ताने ही चारही दाने एकाच मंडपात घडलेली समाजाने पाहिली.

पिंकीची कथा आणि पालघरचा दिवस

१९९९ मध्ये अमेरिकेत ‘स्माईल ट्रेन’ ही संस्था स्थापन झाली. परदेशी सर्जन पाठविण्याऐवजी त्या त्या देशातील रुग्णालयांना व सर्जनांनाच बळ द्यावे, म्हणजे वर्षभर मोफत शस्त्रक्रिया होत राहतील, हे तिचे धोरण. उत्तर प्रदेशातील मिर्झापूर जिल्ह्यातील पिंकी सोनकर या मुलीवर वाराणसीचे डॉ. सुबोधकुमार सिंह यांनी याच योजनेतून शस्त्रक्रिया केली. तिच्यावरील मेगन मायलन यांच्या ‘स्माईल पिंकी’ या माहितीपटास फेब्रुवारी २००९ मध्ये ऑस्कर मिळाले आणि शाळेत न जाऊ शकणारी ती मुलगी जगाला परिचित झाली. २०१३ मध्ये विम्बल्डनच्या अंतिम सामन्याची नाणेफेक तिच्या हस्ते झाली. तो माहितीपट पाहणाऱ्याच्या लक्षात येते की, पिंकीचे भाग्य पालटले ते गावोगाव पायपीट करून अशी मुले शोधणाऱ्या एका समाजसेवकामुळे. तो त्या गावात पोहोचला नसता, तर वाराणसीतील शस्त्रक्रियागृह तिच्यासाठी लंडनइतकेच दूर होते.

शासनानेही हे ओळखले. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशपातळीवरील शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. या कार्यक्रमातील तपासणीच्या यादीत दुभंगलेले ओठ व टाळू यांचा समावेश आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा पथकाने तपासणी करावी आणि दोष आढळल्यास पुढील उपचार मोफत मिळावेत, अशी ही योजना आहे.

टाका पडल्यानंतर

येथवरचा इतिहास समाधान देणारा आहे. परंतु तो अपुरा आहे. ओठाची शस्त्रक्रिया होते, छायाचित्र निघते, आधीचे आणि नंतरचे. ते पाहून दात्याचे डोळे पाणावतात. टाळूचे मात्र छायाचित्र निघत नाही. कानात साचलेला द्रव दिसत नाही. अस्पष्ट उच्चारामुळे वर्गात मान खाली घालून बसलेले मूल शिबिराच्या अहवालात येत नाही.

वैद्यकाचा सांगावा स्पष्ट आहे. ओठाची शस्त्रक्रिया साधारणतः तीन ते सहा महिन्यांच्या वयात करावी. त्यासाठी दहाचा नियम फार पूर्वीपासून सांगितला जातो : वय दहा आठवडे, वजन दहा पौंड, रक्तातील हिमोग्लोबिन दहा ग्रॅम. टाळू नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, बोलणे पक्के होण्यापूर्वी, सांधावी. त्यानंतर कानांची वेळोवेळी तपासणी, वाचा-उपचार, दातांची निगा आणि आवश्यकता असल्यास आठव्या-नवव्या वर्षाच्या सुमारास हिरडीत हाड भरण्याची शस्त्रक्रिया. म्हणजे हे एका दिवसाचे काम नसून पंधरा-अठरा वर्षांची सोबत आहे. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर शिबिर ही रोजकीर्दीतील एक नोंद आहे. उपचार हे वर्षानुवर्षे पुढे ओढावयाचे खाते आहे. नोंद करून खाते न उघडल्यास हिशेब जुळत नाही.

भिवंडीसारख्या गावात हे खाते सांभाळणे अधिकच कठीण. येथील यंत्रमाग आणि अंजूरफाट्याच्या आसपास पसरलेली गोदामे यांच्यावर पोट भरण्यासाठी उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून कुटुंबे येतात, खोली बदलतात, गावी जातात, परत येतात. तालुक्यातील आदिवासी पाड्यांवरची कुटुंबे वीटभट्टीच्या हंगामात स्थलांतर करतात. ओठाला टाका पडलेले बालक टाळूच्या शस्त्रक्रियेची वेळ येईपर्यंत कोणत्या पत्त्यावर असेल हे कोणासच ठाऊक नसते. रोजंदारी बुडवून वाचा-उपचारासाठी ठाण्या-मुंबईच्या फेऱ्या मारणे आईला परवडत नाही. ‘ओठ झाला, आता चालेल,’ असे घरचे म्हणतात आणि मूल तेथेच थांबते.

संस्थेची पन्नास वर्षे ही चिकाटीची साक्ष असते. एक शिबिर भरविण्यास उत्साह पुरतो. एकाच मुलाची पंधरा वर्षे विचारपूस करण्यास संस्थाच लागते, कारण व्यक्ती थकते, संस्था थकत नाही. फार मोठ्या निधीचीही त्यासाठी गरज नाही. एक वही, तीत बालकाचे नाव, जन्मतारीख, गावाकडचा पत्ता, पुढील तपासणीची तारीख, ती तारीख आली की निरोप पोहोचविणारा एक कार्यकर्ता, प्रवासखर्चाची तरतूद, आणि प्रसूतिगृहातील परिचारिका, आशा व अंगणवाडी सेविका यांच्याशी नित्य संपर्क. जन्माच्या पहिल्याच आठवड्यात त्या घरी जाऊन एवढे सांगितले तरी पुष्कळ आहे की, हा ग्रहणाचा दोष नाही, यात आईचा अपराध नाही, दूध असे पाजावे आणि उपचार मोफत होतो.

पुण्याच्या त्या कारागिराचे नाव इतिहासाने राखले नाही. चीनच्या तरुणाला आश्रय देणाऱ्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. पिंकीच्या दारी गेलेल्या समाजसेवकाला जगाने नाणेफेकीस बोलाविले नाही. तरीही या तिघांवाचून ओठ सांधले गेले नसते. सर्जनची सुई कडा जुळविते. बालकाला सुईपर्यंत आणि सुईनंतर शाळेच्या बाकापर्यंत पोहोचविणारे हात समाजाचे असतात. अंजूरच्या आणि भिवंडीच्या परिसरात जन्मणाऱ्या अशा बालकाने उद्या वर्गात उभे राहून आपले नाव स्पष्ट उच्चारावे, एवढ्यासाठी जरी ही वही उघडली गेली, तरी सुवर्णमहोत्सवाचे सार्थक होईल.